हात लावून बघा, बाराच व्होल्ट आहे

फोन आला तेव्हा मी कवठे महांकाळजवळच्या एका अंगणात गुडघे टेकून वायर सोलत होतो. ऊन बेताचं होतं. संपत चर खणत होता आणि खणता खणता या घरातल्या भाकरीची आदल्या गिऱ्हाइकाच्या भाकरीशी तुलना करत होता. दस्तगीर सकाळीच सांगलीला गेला होता. जोड बंद करायचे जेलीचे कनेक्टर संपले होते, ते आणायला. दुकानात बाकावर बसला, चहा सांगितला आणि चहा यायच्या आत बसल्या जागीच गेला. फोन दुकानदाराचा होता.

मी संपतला सांगितलं. त्यानं कुदळ खाली ठेवली, परत उचलली आणि खणलेला चर मातीनं भरायला लागला.

"अरे, त्यात वायर टाकायचीय," मी म्हणालो.

"व्हय की," तो म्हणाला आणि परत उकरायला लागला.

आम्ही तिघं बागेतले दिवे बसवायचो. नकाशा माझा, खणणं संपतचं, वायर दस्तगीरची. काम समजायला सोपं आहे. भिंतीवरचा ट्रान्स्फॉर्मर घरातल्या दोनशे तीस व्होल्टचे बारा करतो. तिथून वायर मातीखालून फिरवायची आणि वाटेत एकेक दिवा जोडत जायचं. बारा व्होल्टनं माणसाला झटका बसत नाही. हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो आणि एकानंही ते पहिल्या फटक्यात मानलेलं मला आठवत नाही. म्हणून दस्तगीरनं एक रिवाज पाडला होता. शेवटचा जोड बंद करायच्या आधी घरच्या माणसाला उघड्या तारेला हात लावायला सांगायचं. आधी स्वतः लावायचा, मग म्हणायचा, "आता तुमी." हात लागल्याशिवाय जोड बंद नाही. त्यामुळं दर घरी एक किस्सा साठायचा.

या कवठे महांकाळच्या घरात मात्र प्रकरण गमतीचं नव्हतं. घरातल्या आजींना अंगणातल्या जुन्या लोखंडी दिव्याच्या खांबाचा शॉक बसला होता. वाचल्या, पण तेव्हापासून दिवेलागण झाली की उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. तुळस सुनेकडं गेली, शेजारणींच्या गप्पा बंद, गोठ्यातली म्हैस परकी झाली. मुलानं खांब उपटून टाकला तरी आजी बाहेर येईनात. म्हणून हे बारा व्होल्टचे दिवे, दारापासून गोठ्यापर्यंत.

दस्तगीर त्यांना म्हणाला होता, "आजी, आदी मी हात लावतो. मग तुमी लावा. मग आपुन दोघं म्हशीपतूर चालत जाऊ."

"तू लावलास तर लावीन," आजी म्हणाल्या होत्या. "दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाई."

*

दस्तगीरच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. जुनी गिऱ्हाइकं येत होती. खुर्चीवर टेकायची आणि मग एकाला काहीतरी आठवायचंच.

पहिले सुरू झाले ते साताऱ्याकडच्या सुभेदारांचे शेजारी. सुभेदार निवृत्त. त्यांना दिवे एका रेषेत, सारख्या अंतरावर हवे होते. एक जरी तसूभर बाहेर दिसला तरी त्याला हिंदीत दम भरायचे. काम संपल्यावर दस्तगीर म्हणाला, "साहेब, हात लावा."

सुभेदारांनी तारेकडं बघितलं आणि आम्हाला बर्फातल्या एका ठाण्याची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली.

"लय भारी," दस्तगीर म्हणाला. "आता हात लावा."

सुभेदारांनी दुसरी गोष्ट सुरू केली. ती वाळवंटातली होती. तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे कट्ट्यावर ठेवला, वाकून दोन्ही तारा चिमटीत धरल्या आणि म्हणाल्या, "गार हायत. च्या घ्या, त्यो पन गार हुतोय."

"ऑल ओके," सुभेदार म्हणाले.

*

वाळव्याकडच्या एका ऊसवाल्याची तक्रार उलटी होती. झटका बसत नाही हे कळल्यावर तो नाराजच झाला.

"भाई, जरा करंट वाढीवता येतोय का? रात्रीची डुकरं येत्यात."

"येतोय की," दस्तगीर म्हणाला. "पर पयलं कोन चिकटनार ते घरात बसून ठरवून घ्या."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. "ह्यांचंच नाव घ्या भाई. रात्रीचं हेच हिंडत्यात."

*

आष्ट्याचे दोन भाऊ तर तिथं खुर्च्यांवरच बसले होते, शेजारी शेजारी. हे बघायला दस्तगीर असायला हवा होता.

त्यांच्या घराचे तीन भाग. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा, मध्ये आई. पुढून एकच सामाईक वाट. ट्रान्स्फॉर्मर आम्ही थोरल्याच्या भिंतीवर बसवला, कारण तिथं प्लग होता. वायर लांब गेली की शेवटी व्होल्ट कमी पडतात. दिवे लावले तर थोरल्याच्या दारात लख्ख आणि धाकट्याच्या दारात मिणमिण.

धाकटा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वाटनीत बी असंच झालं हुतं. हिरीकडचं त्याला, माळाकडचं मला."

"मी काय वीज अडवून धरलीय व्हय रं?" थोरला म्हणाला.

"पाट अडवलास की. वीज काय अवघड हाय?"

दस्तगीरनं दोघांना वायर दाखवली, लांबी दाखवली, पाण्याच्या पाइपाचं उदाहरण दिलं. पाइपाचं नाव निघाल्यावर पाण्याच्या पाळीवरून वेगळंच भांडण लागलं. शेवटी दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रान्स्फॉर्मर काढून मधोमध, आईच्या भिंतीवर बसवला आणि तिथून दोन्हीकडं सारखी वायर सोडली. संध्याकाळी दोघं भाऊ वाटेवर उभे राहून एकमेकांच्या दारातला उजेड तपासत होते. खोट निघेना.

आई बाहेर आली. म्हणाली, "चांगलं झालं बाबांनो. पर माज्या दारात दिवा कुटाय?"

नकाशात आईच्या दारात मी दिवा काढलाच नव्हता. दस्तगीरनं माझ्याकडं बोट केलं.

"वाटनी मालकांनी केलीय, आई. आमी फकस्त वायर वडतो."

*

मग संपतनं म्हसवडचा किस्सा काढला. तिकडं माळावर एका पुण्याच्या साहेबांनी घर बांधलं होतं. कुंपणाला लागून एक मोठा धोंडा. मला तो आवडला, म्हणून नकाशात त्याच्यावर खालून उजेड टाकणारा दिवा काढला. दस्तगीरनं जोडला. दिसायला झकास.

थोड्या दिवसांनी साहेबांचा फोन. "अहो, आमच्या दगडाला कुणीतरी शेंदूर लावलाय."

आम्ही गेलो तोवर नारळ फुटला होता, दोन उदबत्त्या जळत होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ साहेबांना विचारत होते, हे ठाणं जागृत आहे हे तुम्हाला पुण्यात कसं कळलं.

साहेब दस्तगीरवर घसरले. "हे काय करून ठेवलंत?"

"साहेब, मी फकस्त लाइट लावला," दस्तगीर म्हणाला. "पुढचं खातं माज्याकडं न्हाई."

मग दिव्याचं तोंड धोंड्यावरून फिरवून झाडाकडं केलं. दुसऱ्या दिवशी पाच-सहा बायका दारात. देवाला अंधारात का ठेवला म्हणून.

"मग काय, आंब्यावरचा लाइट काढून परत..." संपत सांगत होता.

"आंबा न्हवता, चिंच हुती," आतून दस्तगीरच्या बायकोचा, भाभींचा आवाज आला.

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. भाभी दाराआड येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेबांनी शेवटी काय केलं ते सांग की संपतभाऊ. खरी मज्या तितं हाय."

"चिंच. व्हय," संपत म्हणाला आणि पुढं सांगू लागला. साहेबांनी शेवटी कुंपणच दोन हात आत घेतलं, धोंडा बाहेर सोडला. आता तिथं पायऱ्या झाल्यात. दिवा आमचाच आहे.

*

त्या सगळ्या दिवसांत कवठे महांकाळच्या आजींच्या मुलाचा फोन येत होता. घाई नव्हती त्याची. फक्त विचारायचा, "बघा, तुमाला जमंल तवा." एकदा म्हणाला, "आईला सांगितलेलं न्हाई. आदीच भेदरलेली हाय. ती रोज इचारती, दिवेवाला कवा येनार."

संपत जायला तयार नव्हता. मग एका सकाळी तोच कुदळ घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

कनेक्टर दुकानदारानं पाठवून दिले होते. जोड मी केले. आजवर मी कागदावर रेघा मारल्या होत्या, फार तर वायर सोलून दिली होती. एक दिवा लागेना म्हणून त्याचा जोड सोडवून परत केला. संपत म्हणाला, "त्याला हे बघून हसू आलं असतं." दिवस मावळायच्या सुमाराला दारापासून गोठ्यापर्यंत दिवे लागले. शेवटच्या जोडाच्या तारा नुसत्या पिळून उघड्या ठेवल्या.

आजी उंबऱ्यात येऊन बसल्या. पायात चपला होत्या. सुनेनं माझ्याकडं बघितलं. दिवेलागणीला त्या चपला कित्येक महिन्यांनी पायात आल्या होत्या.

"आदी सूनबाईनं लावायचा हात," आजी म्हणाल्या.

सुनेनं लावला.

"हिचं काय घेऊन बसलाय. ही मिक्सरला वल्या हातानं धरती."

मुलानं लावला.

"ह्येला ल्हानपनापास्नं काय कळतच न्हाई. बसला असंल झटका, कळला नसंल."

संपतनं लावला. आजींनी त्याचा तळहात जवळ घेऊन बघितला. "कुदळीनं पार खडबडलाय. ह्यातनं आत काय जानार?"

मग मी लावला, दोन्ही हातांनी, आणि तसाच धरून राहिलो.

"तुमी दिवं इकनार," आजी म्हणाल्या. "तुमी झटका बसतो म्हननार हाय का?"

सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. संपतही हसला. मी पण हसलो. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच वेळी हसलो असू.

आजी हसल्या नाहीत. त्या आमच्या मागं फाटकाकडं बघत होत्या.

"त्यो कुटाय? त्यानं शबूद दिलाय. त्यो लावंल तवा मी लावीन."

मुलगा खाली बघत म्हणाला, "येतील आई. कामात हायत."

"मग येऊ दे. मी बसती." त्यांनी पदर गुडघ्यावर सारखा केला. "दिवं बंद करू नगा. त्याला वाट दिसली पायजे."

गोठ्यात म्हैस ओरडली. आजींनी तिकडं मान वळवली, पण उठल्या नाहीत.

आम्ही सामान आवरलं आणि निघालो. तो शेवटचा जोड अजून बंद करायचा राहिला आहे.