घरमालकांचे कान आणि शिरोळची गाडी

कोल्हापुरात आवाज करणारी जी जी वस्तू आहे, मग ती पिठाची गिरणी असो, कुणाचा फ्रिज असो की मांडवामागचा जनरेटर, ती आमच्या घरमालकांना वचकून असते, अशी माझी ठाम समजूत आहे. मंगळवार पेठेत त्यांच्या घरामागच्या खोलीत मी पाच वर्षं भाड्यानं राहतो, आणि एवढ्या काळात त्यांच्यासमोर एकही यंत्र विनाकारण गुणगुणलेलं मी पाहिलेलं नाही. उभं आयुष्य त्यांनी टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून काढलं. खांबावर चढायचं आणि लोकांच्या लाईनीतली खरखर काढायची. पुढे नोकरी संपली, खांब गेले, लोकांच्या घरातले फोनही गेले, पण खरखर शोधायची खोड काही गेली नाही. एकदा गल्लीत कुणाच्या नातवाच्या जावळाचं जेवण होतं. घरमालक, म्हणजे आमचे काका, माझ्या शेजारी पंगतीला. तांबडा रस्सा ओरपता ओरपता त्यांचा हात एकदम थांबला. मला वाटलं, रश्श्यात काही निघालं. ते तसेच खरकट्या हातानं उठले, मांडवामागे गेले आणि जनरेटरवाल्याला म्हणाले, "पावणं, तुमचं बेअरिंग बोलाय लागलंय. अर्ध्या तासात बसतंय बगा." तो हसला. पंगत उठायच्या आत सगळे पंखे थांबले, आणि वाढपी घामाघूम होऊन जनरेटरवाल्याच्या नावानं ओरडत असताना काका शांतपणे आणखी दोन वाट्या पांढरा रस्सा मागत होते.

त्यांच्या कामाची पद्धतही जगावेगळी. बिघडलेली वस्तू घेऊन आलात तर ते तिला हात लावणार नाहीत. आधी तुम्हाला पायरीवर बसवणार आणि म्हणणार, "आवाज तोंडानं काढून दाखवा." पलीकडच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर स्कूटर घेऊन आले होते. आयुष्यभर पोरांना गप्प बसवलेला तो माणूस आमच्या पायरीवर बसून "टुर्रर्र... खट, टुर्रर्र... खट" करत होता, आणि काका हाताची घडी घालून म्हणत होते, "सर, खट आदी का टुर्र आदी? नीट आठवून काडा की." दुसरी पद्धत अशी की, एका वेळी एकच गोष्ट काढून बघायची. घाईनं दोन काढल्या तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही, हे त्यांचं तत्त्व, आणि ते फक्त यंत्रांपुरतं नव्हतं. एकदा त्यांचं पोट बिघडलं, तेव्हा त्यांनी रोज जेवणातला एकेक पदार्थ बंद करायला सुरुवात केली. सोमवारी भात, मंगळवारी दही, बुधवारी चटणी. आठव्या दिवशी ताटात काही उरलं नाही, तेव्हा काकू म्हणाल्या, "आता मला म्हायेरी धाडून बगा. फरक पडला तर पडला." काका त्यावरही थोडा वेळ विचार करत बसले होते, असं काकू आजही शपथेवर सांगतात.

मी मूळचा गोंदियाकडचा. आठवी अर्धवट सोडली आणि भटकत भटकत इथवर आलो. घर इतकं लांब की गाडीत बसल्यावर रात्र संपते, दिवस संपतो, तरी घर येत नाही. इथे गाड्यांना टेप आणि स्पीकर बसवणाऱ्या एका दुकानात चार वर्षं राबलो, आणि गेल्या वर्षी धीर करून नोकरी सोडली. स्वतःचं दुकान घ्यायची ऐपत नव्हती. काकांना भीतभीत विचारलं, "काका, अंगणात काम केलं तर चालेल का जी?" काका म्हणाले, "अंगण काय मी वापरतोय व्हय? फकस्त एक. खोटा आवाज माज्या दारातनं भाईर जायाचा न्हाय." ते उपकार मी विसरणार नाही. पण मी मुळातच भित्रा. गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारा. घरी सांगून ठेवलं होतं की दोन महिन्यांत जम बसला नाही तर परत येतो, आणि दीड महिना गिऱ्हाईकाविना गेला होता.

मग शिरोळचे एक बागायतदार आले. मोठी गाडी, मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. म्हणाले, "असं वाजलं पायजे की नरसोबाच्या वाडीत ऐकू आलं पायजे." जाताना एवढंच बजावलं, "गाडी म्हापुरात बुडली हुती. गंजाचं तेवडं जपा." मी इतकं जपलं की काही विचारू नका. आठवडाभर खपून डिकीत आवाज वाढवणारा ॲम्प बसवला, चार स्पीकर बसवले, गजरे करावेत तशा वायरी बांधल्या. गाडी सुरू केली, गाणं लावलं, आणि गाण्यामागून एक बारीक शिट्टी निघाली. ईईईई. रेस दिली की चढायची, सोडली की उतरायची. रविवारी त्यांच्या मुलीचा साखरपुडा, पाहुणे थेट चिकोडीहून येणार, आणि हा होता शुक्रवार. शिट्टी राहिली तर अख्ख्या शिरोळ तालुक्यात माझं नाव खराब होणार होतं, आणि त्यानंतर मला गोंदियाची वाट धरावी लागणार होती. मोबाईलवर सतरा व्हिडिओ बघितले. सतरा जणांनी सतरा उपाय सांगितले. मी ते सगळे एकदम केले आणि शिट्टी आणखी वाढली.

शनिवारी सकाळी काका चहा घेऊन आले. माझं तोंड बघून म्हणाले, "काड तोंडानं." मी काढली. "रेस देऊन काड." तशीही काढली. कठड्यावरच्या मांजरानं कान टवकारले. काकांनी चहा संपवला आणि मी कालपासून केलेले सगळे उपाय आधी उलटे करायला लावले. मग सुरू झालं एकेक. इंजिन बंद ठेवून गाणं लावलं. "हाय का?" नाही. इंजिन सुरू. "हाय का?" आहे. "म्हंजे डायनामोचं पोरगं हाय हे. कुटनं शिरतंय बगू." टेपकडून येणारी सिग्नलची वायर बॅटरीच्या जाड वायरीला मी प्रेमानं चिकटवून बांधली होती. ती सोडून दुसऱ्या बाजूनं आणली. "हाय का?" आहे, तसूभरही कमी नाही. मग ती वायर ॲम्पमधून उपटली. "आता?" गप्प! तिच्या जागी माझा मोबाईल थेट ॲम्पला जोडला. गाणं स्वच्छ, शिट्टी नाही. काका बोनेटवर टिचकी मारत म्हणाले, "ॲम्प चांगला, स्पीकर चांगलं, टेप बी चांगला. सगळी चांगली माणसं आणि घरात भांडान! मग टेप आन् ॲम्प, दोगांची जमीन येगळी आसणार. तुजं अर्थिंग दाखव."

अर्थिंगचं नाव काढल्यावर माझी छाती फुगली, कारण जन्मात तेवढं नीट काम मी केलं नव्हतं. डिकीतला गालिचा उचलून, ॲम्पची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जिथं कसली होती तो बोल्ट दाखवला. काकांनी वाकून बघितलं, नखानं खरवडलं, पुन्हा बघितलं. "ह्यो रंग कशाचा रं?"

"गंज धरू नये म्हणून लावतात तो लाल रंग जी. महापुरातली गाडी म्हणून. आधी पत्र्याला दोन हात दिले, बोल्टला दोन, मग वायर कसली, आणि वरून परत एक."

काका तिथंच डिकीच्या काठावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "आरं लेका, वायर गाडीला जोडलीस का गाडीपास्नं राखलीस? करंट जायाचा कुटनं? रंगातनं?" मी पॉलिश पेपर घेतला आणि पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत घासला, वायर कसली, सगळं मूळच्या जागी जोडलं. इंजिन सुरू केलं. रेस दिली, सोडली, परत दिली. गाण्यामागे काहीच नव्हतं. पण मी पडलो भित्रा. म्हटलं, "काका, गेली ना जी? तुम्ही एकदा नीट ऐका ना."

काका हसायचे थांबले. घराकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "मला ती कालपास्नं ऐकूच आली न्हाय रं. दोन वर्सं झाली, बारीक आवाज गेलं माजं. खरखर कळती, घरघर कळती. शिट्टी म्हंशील तर न्हाय. मानसं तोंडानं काडतात, त्यावरनं म्या वळखतो. कुणाला बोलू नगंस. हिला तर मुळीच न्हाय."

मी म्हटलं, "मग गेली का नाही, ते कोण सांगणार?"

"तू. कान तुजं हाईत की."

मी गाडी काढली आणि एकटाच पन्हाळ्याच्या घाटात गेलो. चढावर रेस दिली, उतारावर सोडली, खिडक्या लावल्या, उघडल्या. वाऱ्याची शिट्टी ऐकून दोनदा गाडी थांबवली. पण वरच्या नाक्यावर गाडी उभी करून पाच मिनिटं नुसता ऐकत बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता ठरवलं की गेली. संध्याकाळी बागायतदार आले. त्यांनी पाचदा रेस देऊन बघितली, छप्पर हादरेल एवढा आवाज केला, आणि म्हणाले, "पावणं, बेस हाय! पुडल्या आटवड्यात ट्रॅक्टर धाडतो. त्येला बी बसवा." मी घरी फोन करून सांगितलं, एवढ्यात येत नाही.

त्या दिवसापासून मला एक जादा काम लागलं. काकूंचा आवाज अगदी बारीक, बांगडीला बांगडी लागावी तसा. त्या वरून हाक मारतात आणि काका अंगणात स्वस्थ बसलेले असतात. मग मी पाना आपटत सहज बोलल्यासारखं म्हणतो, "काका, जेवायला बोलावतायत." काका लगेच "व्हय, ऐकलं की!" असं खेकसून उठतात.

मागच्या आठवड्यात काका बाजारात गेले होते. काकू धुणं वाळत घालायला अंगणात आल्या. इकडच्या बायका पुरुषांसारखं "मी आलो, मी गेलो" म्हणतात, ते मला पहिल्यांदा फार गमतीचं वाटायचं. चादर पिळता पिळता त्या म्हणाल्या, "त्यास्नी हाक ऐकू घालतोस, बरं करतोस बाबा. दोन वर्सं बगतोय मी. पर मला म्हाईत हाय, हे त्यास्नी कळू दिऊ नगंस. खांबावरचा मानूस हाय त्यो. लय वाईट वाटंल."

"नाही सांगत जी," मी म्हटलं.

त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही ती झटकली. अंगणात शिरोळचा ट्रॅक्टर उभा होता, त्याचं अर्थिंग अजून घासायचं होतं. खाली नवऱ्याचं गुपित, वर बायकोचं, आणि मधे मी, एकाही बाजूला तोंड उघडायची सोय नसलेला. आता या घरातून मी जाऊन जाऊन जाणार तरी कुठं?