वहिनींचा स्कझी कंट्रोलर

कुलपांच्या कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथला वायरमन आणि तो तिच्या आधीपासून सगळ्यांचा दादा. वहिनी कॉम्प्युटर सांभाळायची. किल्ल्यांच्या खाचा ठरवणारा जुना कॉम्प्युटर मरायला टेकला, तेव्हा तिने तो अख्खाच्या अख्खा नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवला. डबा भंगारात गेला, उरला तो नुसता सॉफ्टवेअरमध्ये चालणारा कॉम्प्युटर. त्याची हार्ड डिस्क म्हणजे एक फाइल, आणि ती जोडणारा कंट्रोलर म्हणजे पडद्यावर निवडायचा एक शब्द.

तो शब्द होता आयडीई. संथ, पण त्या म्हाताऱ्या यंत्रणेच्या ओळखीचा तेवढाच. साहेबांना वेग हवा होता म्हणून वहिनीने स्कझी हा वेगवान कंट्रोलर निवडला, तर मशीन सुरू होताहोताच पडदा निळा पडून अडलं. मग तिने सबुरीने घेतलं. डिस्क परत आयडीईवर लावली, स्कझीवर एक छोटी रिकामी डिस्क जोडली, यंत्रणेला नव्या पाहुण्याची ओळख होऊ दिली, आणि मगच मोठी डिस्क तिकडे हलवली. मशीन पळायला लागलं.

"आयडीई काढला, स्कझी बसवला!" जेवायच्या सुट्टीत ती सांगत सुटली.

ते स्टोअरच्या काकांनी ऐकलं. "जुना कुठाय?"

"काका, तो खरा नव्हताच."

"म्हणजे खोटा माल वापरत होतात?"

"तसं नाही हो. तो नुसता मानायचा असतो."

"मग मानून जमा करा. जुना आल्याशिवाय नवा चालवता येणार नाही. बंद करा मशीन."

मशीन बंद म्हणजे किल्ल्या बंद. कुलपांचे ढीग लागले, उघडायला एक किल्ली नाही. साहेब म्हणाले, "काकांशी माझं बोलणं नाही, तुमचं तुम्ही बघा." वहिनी रडकुंडीला आली.

दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. स्टुलावर चढला, कॉम्प्युटरमागच्या मोकळ्या जागेत चार स्क्रू ढिले केले, फुंकर मारली, आणि दोन्ही हातांत काहीच नाही ते सांभाळत स्टोअरमध्ये गेला.

काकांनी ते हातात तोलून पाहिलं. "हलका लागतोय."

"आतला मालच गेलाय, काका."

"आणि वायर?"

दादा परत गेला. हवा तळव्यापासून कोपरापर्यंत गुंडाळत गुंडाळत घेऊन आला. काकांनी शिडीवर चढून सगळं वरच्या फळीवर ठेवलं, "हळू, पडेल," असं स्वतःलाच बजावलं, आणि उतरताना लोंबणाऱ्या वायरीत पाय अडकून धाडकन आपटले.

"तरी सांगतो, वायर नीट गुंडाळत जा!" ते कण्हले.

घोटा खरोखरच टम्म सुजला होता. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. काका रजेवर गेले, पण जाताना मशीन चालू करायला सांगून गेले.

संध्याकाळी घरी चालत जाताना वहिनी आधी खूप हसली, मग तिने कपाळावर हात मारला.

"काय झालं गं?"

"अहो, वायर चुकली. आयडीईची चपटी असते, पट्टीसारखी. तुम्ही गोल गुंडाळलीत."

दादा थबकला. "आधी नाही सांगायचं? उद्या बदलून देतो."