हलक्या हाताचा शिंपी

शिंप्याचं आणि सुताराचं कधी जमलं नाही. सुताराचे सगळे कोट शिंप्यानेच शिवले, पण माप घेताना दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. सुतार गावच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील, म्हणजे निवडून दिलेला पंच होता. पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या बरोबरीने घरोघर जायचं, खचलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, हे वडिलांचं काम. शिंप्याचं नाव त्यासाठी निघालं की सुतार मोडता घालायचा. म्हणायचा, "त्याचा हात हलका. डोक्यावर ठेवलेला हात जाणवायला तरी हवा."

सुतार वारला आणि त्याच्या जागी शिंपीच निवडून आला. देवाच्याही चेष्टा असतात.

नेमणुकीच्या दिवशी तो वेदीपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसला. रिवाजाप्रमाणे पाळकांनी आणि सगळ्या वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. माणसाला स्पर्शावरून ओळखायची त्याला धंद्याची सवय. पाळकांचा हात घामेजलेला, खजिनदाराचा थरथरता. मग मागून आणखी एक हात आला, दगडासारखा जड आणि गार. त्याचं मधलं बोट अर्धंच होतं. सुताराचं ते बोट करवतीत गेलेलं, हे साऱ्या मंडळीला ठाऊक. शिंप्याने डोळे उघडले तेव्हा मागे कुणीच नव्हतं. विचारायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी वडिलाला वेड लागलं म्हणाले असते.

पहिलं काम निघालं ते सुताराच्याच घरचं. नवरा गेल्यापासून त्याच्या बायकोने देऊळ सोडलं होतं, आता अन्नही सोडलं होतं. पाळक जाऊन आले, बाकीचे वडील जाऊन आले, सगळे हात हलवत परतले. ही बाई आपल्या हातून वाचायची नाही, हे शिंपी मनाशी धरूनच गेला.

भर दुपार होती. घरात अजून रंध्याच्या भुशाचा वास होता. "वहिनी, प्रार्थना करू का?" त्याने विचारलं. त्याने डोळे मिटले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिची मान खाली दबली. मग तिने हात वर नेला आणि त्याची बोटं चाचपली. एकेक करत मधल्या बोटाशी थांबली.

"उशीर केलात," ती हळूच म्हणाली. हे आपल्याला नाही, एवढं शिंप्याला कळलं. हात काढायचं त्याला धाडस होईना, आणि डोळे उघडायचं तर मुळीच नाही. त्याने प्रार्थना लांबवली, येत होती नव्हती ती सगळी वचनं म्हटली. संपवून बाहेर येईपर्यंत त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं नाही. मागे तिने चूल पेटवल्याचा आवाज आला.

रविवारी ती देवळात आली. दारातच तिने शिंप्याचा हात धरला, उलटसुलट करून बोटं मोजली.

"सगळी आहेत की, भाऊजी," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.