एक पान, दोन बाण

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! ऑफिसच्या खिडकीत चहाचे रिकामे कप साठतात तसे तेही साठत जातात.

आमचं ऑफिस कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. काम एकच: ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता दोघांना एकच वेबसाइट एकत्र वापरता आली पाहिजे. एक पान आणि त्यावर दोघांच्या माउसचे दोन बाण. ज्यांच्यासाठी हे बनवतोय त्या विमा कंपनीच्या मॅडमना ते पसंत पडलं नाही तर टीम मोडणार आणि माझी बदली ठरलेली. लेकीची ही तिसरी शाळा, आत्ता कुठे तिला एक मैत्रीण मिळालीय! माझ्या जिवाला नुसता घोर लागलेला.

*

पहिली टेस्ट साताऱ्याच्या आईबरोबर. साड्यांचं पान उघडलं, माझा बाण फिरवला. आई पदराने स्क्रीन पुसायला लागली. "मेली माशी हलेना!"

"आई, तो मी आहे!"

"मग बाजूला हो, काठ दिसत नाहीये."

*

आमची टेस्टर मिताली सियालदह स्टेशनवरून धक्के खात येते आणि मग पानावरची प्रत्येक अट शांतपणे वाचते. टीम लीड अनिर्बाणदांना तेवढा दम कुठला! त्यांनी पान सर्रकन खाली सरकवलं की तिचंही पान खाली.

"दादा, मी अजून वरच आहे!" ती कॉलवर ओरडली.

"नेटवर्क खराब आहे, आवाज तुटतोय," दादा म्हणाले. दोघं पाठीला पाठ लावून बसले होते.

*

एकदा घाईत मी त्या पानावर माझाच खरा पासवर्ड टाकला. मला ठिपके दिसले. दादांना अख्खा पासवर्ड!

"अरे, मुलीचं नाव आणि एक-दोन-तीन? इंजिनियर ना रे तू?"

हे मॅडमसमोर झालं असतं तर! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

*

शेवटी डेमोचा दिवस उजाडला. मॅडम तासभर बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. "कळवते," म्हणाल्या आणि व्हिडिओ बंद. आम्ही खुर्च्या सरकवल्या, तेवढ्यात मिताली किंचाळली, "पान चालूच आहे!"

खरंच! मॅडम त्याच पानावर अभिप्रायाचा फॉर्म भरत होत्या. 'यांच्याबरोबर पुढे काम करायचे का?' त्यांचा बाण सावकाश 'नाही'कडे निघाला.

"ओ माँ!" म्हणत दादांनी माउस धरला आणि आपला बाण नेऊन 'हो'वर ठेवला.

मॅडमचा बाण जागीच थांबला. मग शेऱ्याच्या चौकटीत अक्षरं उमटली. "तुम्ही अजून इथेच?"

दादांनी दोन बोटांनी टाइप केलं. "सॉरी मॅडम. पान बंद करायचं बटण करायचं राहिलंय. पुढच्या महिन्यात देतो."

मितालीने डोळे मिटून घेतले.

मग मॅडमनी लिहिलं, "पुढच्या महिन्यात किती तारखेला?"