काट्याखालची फळी

काटेवाल्याची एक गोष्ट बाजारात सगळे सांगतात आणि ती खरी आहे. एका धान्यवाल्याने त्याला काटा दुरुस्तीला दिला आणि हळूच म्हणाला, "जुळवताना जरा हात हलका ठेव. चिमूटभर. कोणाला कळतंय?" काटेवाल्याने पाना पिशवीत टाकला, पोट उघडलेला काटा तसाच मेजावर सोडला आणि चालू लागला. काटे जुळवणारा बाजारात तो एकटाच. शेवटी धान्यवाला त्याच्या दारात येऊन उभा राहिला, "चुकलं बाबा" म्हणाला, तेव्हा हा उठला.

अशा माणसाला त्याच्याच घरातल्या मशीनने एका सकाळी खोटं ठरवलं.

कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला आणि खालच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं उगवली. आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची ही प्रत अस्सल नसावी.

त्याने ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "अगं, ऐकलंस का? आपण बनावट आहोत."

"तुम्ही असाल," बायको आतून म्हणाली. "मी माहेराहून अस्सल आलेय."

त्याला हसू आलं नाही. 'नाही' म्हटलं असतं तर त्याने ऐकून घेतलं असतं. पण 'नसावी'? चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, नाहीतर गप्प बसावं. इथे आरोप करणारा समोर नाही, त्याला घर नाही, दार नाही, पावती घेऊन जावं तर खिडकी नाही. गरिबावर संशय घ्यायची ही तऱ्हा जुनीच, फक्त आता ती मशीनमधून येते.

आणि पावती होती. ते मशीन त्याने आणि त्याच्या लेकीने मिळून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडलं होतं. लेकीला घरात मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून ती स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची. लोखंडी डबा एका बंद पडलेल्या ऑफिसातून आणला, पडदा एका फोटोवाल्याकडून, मदरबोर्ड तेवढा नवा कोरा. काटे उघडायचे बारीक स्क्रूड्रायव्हर याचे, अक्कल तिची. एकेक स्क्रू ती दोन बोटांत धरून द्यायची आणि हा पिळायचा. मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा पंख्याचा आवाज ऐकून दोघं टेबलाखाली बसून हसत होते. जेवायला जागा नाही म्हणून आई उभ्याने जेवत होती आणि करवादत होती.

ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची वेळ आली तेव्हा दुकानात सगळे म्हणाले, कॉपी टाकून देतो, सगळेच टाकतात. काटेवाला म्हणाला, "खोट्या वजनाने खरा माल मोजता येत नाही." खोक्यातली अस्सल घेतली. खोक्यासोबत आलेला आकड्या-अक्षरांचा स्टिकर मुंगीने डब्याला लावला, तो तिरका लागला. हा सरळ करायला गेला तर म्हणाली, "बाबा, तो एकदाच चिकटतो. राहू द्या."

तिरका स्टिकर अजून तसाच होता. मुंगी शिकायला गेली, मग नोकरीला, मग समुद्रापलीकडे, इतकी लांब की ह्यांची संध्याकाळ ती तिची सकाळ. दर रविवारी त्याच मशीनच्या पडद्यावर ती दिसायची. ओले केस, हातात कप, मागे खिडकी. आई नुसती बघत बसायची आणि बोलायचं सगळं बापावर पडायचं, जो कधीच बोलका नव्हता.

गेला महिनाभर तेही बंद होतं. रविवारी मुंगीला लावायला गेलं की पडद्यावर चाक फिरत राही आणि मग येई, सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही. बटणांच्या फोनवर आवाज तेवढा ऐकू येई. परवा त्याच फोनवर मुंगी म्हणाली, "बाबा, ह्या रविवारी काहीही करून मशीन चालू करा. मला काहीतरी सांगायचंय. फोनवर नाही सांगणार. तुमची तोंडं दिसली पाहिजेत मला."

"बरं," तो म्हणाला. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ हात फोनवरच राहिला. परत न यायचं ठरवलेल्या माणसालाच तोंडं बघावीशी वाटतात, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. बायकोला काही बोलला नाही. तिनेही विचारलं नाही.

आधी त्याने स्टिकरवरची अक्षरं परत टाकून पाहिली. तो कीबोर्डवर आणि बायको जमिनीवर बसून, डोळ्याला भिंग लावून.

"बी," ती म्हणाली.

"बी का आठ?"

"बी हो. पोटं दोन आहेत."

"आठालाही दोनच असतात."

"बीची पाठ ताठ असते. तुमच्यासारखी. टाका पुढे."

सगळी टाकली. मशीन विचार करत बसलं आणि म्हणालं, पडताळणी करता येत नाही, नंतर प्रयत्न करा. नंतर म्हणजे कधी ते सांगितलं नाही. सरकारी खिडकीवरची भाषा याच्या तोंडी कोणी घातली, देव जाणे.

मग त्याने डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि कॉम्प्युटर दुकानात नेला. दुकानदार चाकाच्या खुर्चीवरून उठला नाही, खुर्चीसकटच आला. वायरी लावल्या, संदेश वाचला आणि कपाळावर आठीसुद्धा आली नाही.

"सोपंय काका. एक छोटा प्रोग्रॅम टाकतो. हा संदेश परत तोंड वर काढणार नाही."

"म्हणजे प्रत अस्सल ठरेल?"

"अहो, अस्सल आहेच म्हणताय ना? मग संदेश गेला की झालं."

"काट्याखाली चुंबक लावायचं म्हण की."

दुकानदाराला ते कळलं नाही. "नाहीतर सगळं पुसून नव्याने टाकू. तुम्ही म्हणाल तसं."

काटेवाल्याने वायरी स्वतःच काढल्या. डबा उचलला.

"काका, एवढ्याशा संशयाचं कोण मनाला लावून घेतं?"

"ज्याच्यावर घेतला जातो, तो," काटेवाला म्हणाला आणि दुकानाबाहेर पडला.

ऊन उतरलं होतं. कॅरिअरला डबा बांधलेली सायकल हाताने ढकलत तो चालला, कारण चढावर डबा मागे ओढत होता. रागात माणूस भराभर चालतो आणि चालता चालता राग गळत जातो. अर्ध्या वाटेवर त्याला स्वतःचंच एक वाक्य आठवलं. धंदा शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याने ते ऐकवलं होतं. काटा चुकीचं दाखवतोय म्हणून लगेच त्याचं पोट फाडू नको. आधी तो ज्या फळीवर ठेवलाय ती बघ. दहातले सहा काटे खरे असतात, फळी कललेली असते.

मशीनखालची फळी कुठली?

तो चालायचा थांबला. फळी त्याला ठाऊक होती. महिनाभर तो तिच्याकडे रोज बघत होता.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख असते. महिन्यापूर्वी एका सकाळी त्याने मशीन सुरू केलं तर तिथे जुनंच वर्ष होतं, जानेवारीची पहिली तारीख. ज्या वर्षी मशीन जोडलं, तेच ते वर्ष. त्याने ती तारीख पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. त्या तारखेला मुंगी ह्या घरात होती. आतल्या खोलीत पांघरुणात, उठवल्याशिवाय न उठणारी. अजून मशीन जोडायचं होतं, कॉलेजचा अर्ज भरायचा होता, बॅगेचं कुलूप घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, परत पहिली जानेवारी. तिसऱ्या दिवशीही. जगात सगळीकडे दिवस पुढे सरकत होते आणि ह्या एका कोपऱ्यात रोज सकाळी तोच दिवस उगवत होता. तो रोज चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसायचा, घोटभर, आणि मग कामावर जायचा. संदेश आला त्यानंतरच, मुंगी दिसेनाशी झाली तीही त्यानंतरच. पण दोन्ही गोष्टी त्याने एका दोरीत ओवल्या नव्हत्या. ओवायच्या नव्हत्या म्हणा.

पडताळणी करणाऱ्या लांबच्या मशीनला हे मशीन आपली तारीख सांगत होतं. समोरचं म्हणत होतं, बाबा रे, हे वर्ष तर कधीच गेलं, तुझ्यावर विश्वास कसा ठेवू? घड्याळ आपसूक जुळतं म्हणतात, पण तासा-दोन तासांचा फरक असेल तर. वर्षांचा फरक पडला की तेही हात टेकतं.

घरी येऊन त्याने डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि बायकोला हाक मारली. "बॅटरी धर."

तिने बॅटरीचा उजेड आत पाडला. मदरबोर्डच्या कडेला एक चपटा, गोल, कोटाच्या बटणाएवढा सेल बसलेला होता.

"हा मेलाय," तो म्हणाला. "मशीन बंद असताना वेळ हाच धरून ठेवतो. तू रोज संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करतेस. मग सगळा भार ह्याच्यावर. वर्षानुवर्षं वाहिला बिचाऱ्याने."

"एकदा इस्त्री चालू राहिली होती, तेव्हापासून करते. म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कसं? सेल आहे, मरणारच." त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सेल उचकटला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तारीख मागे गेलेली मला दिसत होती. महिनाभर."

तिने बॅटरी टेबलावर आडवी ठेवली.

"दुपारी तुम्ही नसताना मीही लावून बसायची," ती म्हणाली. "मला वाटलं, मला एकटीलाच दिसतंय."

एका घरात दोन माणसं, एकाच कोपऱ्याकडे बघणारी, एकमेकांपासून लपून. काटेवाल्याने ड्रॉवर उघडला. सोनारांच्या छोट्या काट्यांना हाच सेल लागतो. डबीभर पडले होते. महिनाभर अडलेलं काम हाताच्या अंतरावर होतं.

सवयीने त्याने मेलेला सेल छोट्या काट्याच्या पारड्यात टाकला, मग नवा टाकला. आकडा तोच.

"काहीच कमी नाही झालं?" बायकोने विचारलं.

"वजन कुठे जातंय? धरून ठेवायची ताकद जाते."

नवा सेल बसवून त्याने मशीन सुरू केलं आणि अगदी सुरुवातीला, सिस्टिम जागी व्हायच्या आधी, एक बटण दाबून निळ्या पडद्यावर गेला. मुंगीने शिकवलेलं होतं. तिथे वर्ष हाताने पुढे न्यायचं असतं, एका दाबाला एक.

त्याने दाबलं. मुंगी कॉलेजात गेली. दाबलं. सुट्टीत आली, केस कापून, आणि आई दोन दिवस बोलली नाही. दाबलं. नोकरी लागली, पहिल्या पगारात बापाला पायातले जोडे घेतले, ते एक नंबर मोठे निघाले, त्याने कापूस घालून वापरले. परत दाबलं आणि बोट तिथेच थांबलं.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"विमानतळ."

तिने पडद्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या मागून हात पुढे करून ते बटण तिनेच दाबलं. "तिथे थांबून कसं चालेल," ती म्हणाली. "रविवार उद्या आहे."

बाकीची वर्षं दोघांनी मिळून ओलांडली. मशीन जागं झालं, इंटरनेट लागलं, तिकडून काहीतरी विचारणा झाली, इकडून काहीतरी उत्तर गेलं. पडदा काळा होता तो उजळला. अक्षरं गेली. कोणी माफी मागितली नाही, 'आमची चूक झाली' म्हटलं नाही. ज्यांनी खोटं ठरवलं त्यांना आपण कोणाला खोटं ठरवलं हे कधी कळणारही नव्हतं. काटेवाला त्यावर एक शब्द बोलला नाही. बायकोला त्याचंच नवल वाटलं.

रविवारी संध्याकाळी चाक फिरलं आणि थांबलं. मुंगी दिसली. केस ओले, हातात कप. महिनाभरात थोडी वाळली होती, की आईलाच तसं वाटलं.

"दिसताय," ती म्हणाली. "दोघं दिसताय. काय झालं होतं मशीनला?"

"सेल गेला होता," बाप म्हणाला.

"एवढंच? आणि महिना लावलात? बाबा, तुम्ही?"

"म्हातारा झालो."

ती हसली, मग कप खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर घेतले, लहानपणी पेपर बिघडला की घ्यायची तसे. "मी इथेच राहायचं ठरवलंय," ती म्हणाली. "कायमचं. तुम्ही रागवा, पण बघून रागवा."

आई म्हणाली, "माहीत होतं."

"कसं?"

"तोंडं बघायची म्हणालीस तेव्हाच. जेवतेस का नीट?"

मुंगी बापाकडे बघत राहिली. तो पडद्याकडे बघत होता, पण तिच्या जरा खाली, कोपऱ्यात. तिथे आजचीच तारीख होती.

"तिथले कागद रीतसर आहेत ना?" त्याने विचारलं. "उद्या कोणी म्हणालं, तू इथली नसावीस, तर तोंडावर दाखवायला?"

मुंगीचा चेहरा एकदम गोळा झाला, हसताना आणि रडताना व्हायचा तसा, दोन्हीला सारखाच. "आहेत, बाबा," ती म्हणाली. "शिक्क्यासकट."

"मग झालं," तो म्हणाला.

त्यानंतर ती खिडकीबाहेरचं झाड दाखवत राहिली आणि आई ते झाड सोडून तिचे दंड बघत राहिली.

झोपायच्या आधी बायकोचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि अडखळला. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"कर बंद," तो म्हणाला. "धरेल आता."

सकाळी कामावर निघायच्या आधी त्याने मशीन लावलं. पंखा घुमला. कोपऱ्यात सोमवार होता, नवा, याआधी कधी न आलेला. पिशवी खांद्याला अडकवून तो उभ्याउभ्याच त्याच्याकडे बघत होता. बायको चहा घेऊन मागे आली आणि तिनेही पाहिलं.

"तिच्याकडे अजून रविवार आहे," ती म्हणाली.

त्याने पिशवी खांद्यावरून उतरवली, खुर्ची ओढली आणि चहा संपेपर्यंत बसला.