वहिनीचा चीक

आमच्या पोशेरा गावातल्या घरी गाय व्याली की आई वासराला आधी आचळाला लावायची. ते पोटभर प्यायलं की उरलेल्या चिकाचा खरवस करायची आणि मी सुट्टीला येणार असले तर माझा वाटा झाकून ठेवायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला नर्सिंग शिकत होते. जीभ मुळातच फटकळ, त्यात चार पुस्तकं वाचलेली. घरच्यांना माझ्या सुट्टीची धास्तीच असायची!

त्या हिवाळ्यात मी आले त्याच सकाळी वहिनी बाळंत झाली. घरीच. मुलगी झाली, खणखणीत रडणारी. सगळे हसत होते, पण बिचकत बिचकत. वहिनीचा पहिला मुलगा वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा भर पावसाळ्यात आवेने गेला होता. ही पोर तरी राहावी, एवढंच सगळ्यांच्या मनात होतं.

मी आत गेले तर आई वहिनीचं पहिलं दूध वाटीत पिळून घेत होती, परसात ओतून द्यायला. बाळासाठी गुळाचं पाणी आणि कापसाचा बोळा तयार.

"आये, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"पहिलं दूध पोराला देत नाय, बाय. साठून पिवळं पडलेलं असतं ते."

"आणि वासराला चीक नाही पाजला तर?"

"छे! मरंल ते."

"अगं मग आपली पोर काय दगडाची आहे?"

आईने पिळणं थांबवलं. मग मी तिथेच उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. चिकात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन ठासून भरलेलं असतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, ते हे प्रथिन त्यांच्या तोंडचं काढून घेतं. आव ज्या बारीकशा परजीवीने होते, त्याच्या तर अंगाला चिकटून कातडंच फाडतं. पुढच्या दुधातही ते असतं, पण पहिल्या चिकाइतकं नाही. आणि गुळाचं पाणी? ते तर झऱ्याचं, आव तिथूनच यायची.

प्रथिनाचं नाव कुणाच्या डोक्यात शिरलं नसेल, पण वासराचं आईला पटलं. वाटी बाजूला ठेवून तिने पोरीला वहिनीच्या छातीशी लावलं. पोर अशी काही ओढायला लागली की वहिनी रडता रडता हसली. मला तर त्या तिघींना कवटाळावंसं वाटलं.

जिंकल्याच्या तोऱ्यात मी ओट्यावर येऊन बसले. थोड्या वेळाने आई शेजारी टेकली.

"पहिल्याचं मीच पिळून टाकलं होतं," ती म्हणाली. "ते पोटात गेलं असतं तर जगला असता का गं तो?"

एरवी मी ताडकन उत्तर दिलं असतं. जगला असता, असं कुठलंच पुस्तक छातीठोक सांगत नव्हतं. जगला नसता, असंही नाही.

"नाही गं माझे आई," मी तिचा हात हातात घेतला. "त्याचं दुखणंच वेगळं होतं. त्याला चिकाने काही फरक पडला नसता."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू कधीपासून एवढं गोड बोलायला लागलीस?" ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.