मावशींच्या तोंडातल्या टाचण्या

अख्खी गल्ली त्यांना हूंमावशी म्हणते. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. तोंडात कायम सात-आठ टाचण्या, उजव्या बाजूला. चाळीस वर्षं. गिऱ्हाईक काहीही बोलो, उत्तर एकच: हूं.

मी वरच्या मजल्यावर राहतो. साहित्याची पदवी आहे, नोकरी नाही. दुपारी त्यांची बटणं निवडत बसतो. तशीच मैत्री झाली.

दोन महिन्यांपूर्वी एका पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला. मावशींनी दहाही बोटं तपासली. एकालाही टोचलं नव्हतं. रक्त हिरडीतून येत होतं, उजवीकडच्या बसवलेल्या दाताभोवतीच्या.

त्या दातावर त्यांचा भारी जीव. तिथे फट होती तेव्हा चार वर्षं त्या तोंडावर हात धरून हसल्या. मग जबड्याच्या हाडात स्क्रू घालून दात बसवला आणि हात खाली आला.

दुकानात इस्त्री आणि काजं त्यांच्या यजमानांकडे, म्हणजे काकांकडे. काका दवाखान्याला घाबरतात. म्हणून मावशींबरोबर मी गेलो.

"मावशी, हा दात घासता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खोट्या दाताला कसली कीड?"

"दात किडत नाही. पण बुडाशी जंतूंचा थर साचतो, हिरडी सुजते. हाड अजून शाबूत आहे. सूज तिथवर पोचली तर स्क्रू हलेल, दात जाईल. त्यात तुम्ही तिथेच टाचण्या खुपसता!"

थर खरवडून झाला. फटीत फिरवायला काडीएवढा ब्रश मिळाला. सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. टाचण्या तोंडातून मनगटावर बांधायच्या छोट्या गादीत गेल्या.

आणि मावशी बोलू लागल्या.

"कंबर चौतीस," एक गृहस्थ म्हणाले.

"ती तुमच्या लग्नातली. आता एकेचाळीस. श्वास सोडा, कोणी बघत नाही."

"अगं, गिऱ्हाईक आहे!" काका कळवळले.

"म्हणून तर इतकी वर्षं गप्प होते."

मी थक्क. भीत भीत विचारलं, "माझ्या कविता ऐकायचात, त्या आवडायच्या ना?"

"टाचण्या होत्या म्हणून वाचलास."

काकांनी कानात कापूस घातला. मावशींनी तो काढला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

पाचव्या आठवड्यात बारा कोटांचं काम आलं. घाईत मावशींचा हात सवयीने तोंडाकडे गेला. चार टाचण्या ओठांत. दुकान एकदम शांत. काकांना हवी होती तशी शांतता.

काकांनी इस्त्री उभी केली. मावशींच्या तोंडापुढे तळहात धरला.

"थुंक."

"अहो, एवढा एकच कोट..."

"थुंक म्हणतो ना! दात गेला तर पुन्हा तोंडावर हात धरून हसशील. मला नाही बघवायचं."

मग बाराही कोट होईपर्यंत ते शेजारी उभे राहिले, एकेक टाचणी हातात देत. बोलणी खात.

काल तपासणी होती. काकाही आले, भिंतीला धरून. डॉक्टरीणबाईंनी दाताभोवती सहा ठिकाणी बारीक सळई लावली. कुठेच रक्त नाही.

"सूज उतरली. ब्रश मात्र रोज. तीन महिन्यांनी या."

मावशी चिडीचूप.

"अगं, बोल काहीतरी!" काका घाबरले.

"सहा आठवडे धास्तीनं बडबडत होते हो. गप्प बसलं की वाटायचं, गेला दात."

"मग आता?"

"आता मजेत बोलेन."

काका तिथल्या स्टुलावर मटकन बसले आणि हसत सुटले. मावशी त्यांच्याहून मोठ्यानं. तोंड सताड उघडं, दोन्ही हात पर्सवर.